टेबलावरची नाडी

१

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत. ना कुठे काका होता, ना आता व्हायची शक्यता होती. पण आजूबाजूला सगळी कालची पोरं आणि केस पिकलेली ही एकटी, म्हणून काकू. सुरुवातीला जरा लागलं तिला. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही, सांगा बघू?

काम म्हणाल तर तक्रारींना उत्तरं देण्याचं. कंपनी हातात घालायचे बँड विकायची. दिवसभरात किती चाललात, किती झोपलात, नाडी कशी पडतेय, सगळं मनगटावर दिसायचं आणि तिथून फोनवर जायचं. बँड वापरणाऱ्यांसाठी कंपनीनं एक फोरम उघडून ठेवला होता. त्यावर लोक टोपणनावानं यायचे आणि बँडच्या चुका सांगायचे. चुका तरी कशा एकेक! कुणी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या तर बँड म्हणे, वा, काय चाललात! कुणी बस पकडायला जिवाच्या आकांतानं धावलं तर बँड म्हणे, झोप छान झाली. एक गृहस्थ झुलत्या खुर्चीत पेपर वाचता वाचता गाव ओलांडून पलीकडे पोचले होते. एक नवी आई पाळणा हलवून हलवून रोज डोंगर चढत होती. तिनं खाली लिहिलं होतं, "ही चूक नाहीये, असंच राहू द्या."

काकूकडे प्रत्येक चुकीला तयार उत्तर होतं. बंद करून चालू करा. फोनला सांगा, हा बँड विसर, आणि मग पुन्हा ओळख करून द्या. पट्टा जरा घट्ट बांधा. बटण दाबलं की उत्तर फोरमवर हजर, खाली नाव नुसतं 'मदतनीस'. त्यानंतर तक्रार करणारा गप्प बसला, की थोड्या दिवसांनी त्याला एकदा 'समाधान झालं का?' असं विचारलं जायचं, आणि तरीही तो गप्पच राहिला तर त्या तक्रारीवर आपोआप हिरवा शिक्का पडायचा, 'समाधान झालं'. मौन म्हणजे संमती, हा या धंद्याचा पहिला नियम. नव्या पोरांना ती हेच शिकवायची, "बोलत नाहीये ना तो? मग सुटलं म्हणायचं. उगाच उकरत बसू नका."

तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र कायम एक छोटंसं हृदय लुकलुकत असायचं आणि त्याखाली एक आकडा. ती नानांची नाडी. नाना म्हणजे तिचे वडील. मागल्या वर्षी त्यांचं हृदय रुसलं होतं, तेव्हापासून काकूनं स्वतःच्या हातातल्यासारखाच एक बँड त्यांच्या हातात अडकवला होता. नाना त्याला बेडी म्हणायचे. घरात दोघंच, ती आणि ते. दिवसभर नाना एकटे. काम करता करता काकूची नजर त्या कोपऱ्याकडे जायची आणि आकडा दिसला की ती पुढच्या तक्रारीकडे वळायची. तो आकडा आहे तोवर जगात आपलं कुणीतरी आहे, असं तिला सरळ सरळ वाटायचं. तो विझला तर आपण काय करू, हा विचार तिनं कधी शेवटपर्यंत केला नव्हता. करायचं धाडसच नव्हतं.

संध्याकाळी ती जिना चढायची. किल्ली कुलपात फिरायच्या आत आतून आवाज यायचा, "आलीस का गं?"

"आले, नाना."

एवढ्यासाठी ती घरी यायची.

२

रिकाम्या बँडची तक्रार काही नवी नव्हती. आठवड्याला दोन-चार तरी यायच्याच. ऑफिसात तिला 'टेबलावरची नाडी' म्हणत. बँड काढून टेबलावर ठेवला तरी नाडी दाखवतो, हा काय प्रकार? प्रकार साधा होता. बँडच्या पोटाला एक हिरवा दिवा असतो. तो कातडीवर पडतो, खालून रक्त वाहतं तसा उजेड कमी-जास्त होऊन परत येतो आणि त्यावरून बँड ठोके मोजतो. आता समोर कातडीच नसली आणि पांढरा टॉवेल असला किंवा चकचकीत फरशी असली, तरी उजेड परत येतोच. बँड बिचारा प्रामाणिक, पण अकलेनं बेताचा. त्याला वाटतं, आहे कुणीतरी.

तयार उत्तर होतं : 'बँड काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. नाडी दिसणं थांबेल.' थांबायचीच.

'वरचा मजला' या नावाच्या गृहस्थांनी लिहिलं तेव्हाही काकूनं हेच उत्तर पाठवलं. त्यांचा बँड म्हणजे खरं तर त्यांच्या बायकोचा. तिनं काढून फ्रीजवर ठेवला होता आणि तिथे नाडी दिसत होती. पांढरा फ्रीज. झालं, उत्तर तयार.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. भाषा अगदी सभ्य.

"मदतनीस, आपण सांगितल्याप्रमाणे काळ्या फडक्यात गुंडाळला. नाडी थांबली नाही, फक्त संथ झाली, झोपल्यासारखी. मी खोलीत गेलो की ती वाढते. दुसरं म्हणजे, तोच बँड बायकोच्या हातात घातला तर 'मनगटावर घाला' अशी सूचना येते. बायकोची तब्येत उत्तम आहे. विचारलं तर बरं आहे म्हणते."

काकूनं ते दोनदा वाचलं. मग पट्टा घट्ट बांधायचं उत्तर पाठवलं. हात थंड असले की असं होतं कधीकधी. आणि खोलीत गेल्यावर वाढते म्हणे! माणूस खोलीत गेला की दिवा लावतो, उजेड बदलतो, आकडा बदलतो. यात काय एवढं?

त्यांचं शेवटचं लिखाण त्या आठवड्याच्या अखेरीस आलं.

"समाधान झालं. आता बरं आहे. आम्ही दोघं मजेत आहोत. घरात तिसरं माणूस आहे, पण ते काही मागत नाही."

हिरवा शिक्का पडला. काकूनं चहा आणायला खुर्ची मागे सारली आणि तशीच बसून राहिली. तिसरं माणूस कोण? पहिल्या तक्रारीत तर नवरा-बायको दोघंच होते. असेल कुणी, सासू आली असेल. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?

तरी नाक खुपसलंच तिनं. हिरव्या शिक्क्याच्या जुन्या तक्रारी कुणी उघडत नसतं, तिनं उघडल्या. बहुतेक मध्येच तुटलेल्या होत्या, माणसं कंटाळून निघून गेलेली. पण टेबलावरच्या नाडीच्या काही तक्रारींना शेवट होता. वेगवेगळी नावं, वेगवेगळी माणसं, आणि शेवटची ओळ तीच. आता बरं आहे.

३

दुरुस्ती विभागात एक तरुण इंजिनिअर होता. त्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर मिळायचंच, म्हणून त्याचं नाव पडलं पंडित. हसरा पोरगा. हसायला लागला की मजल्यावरची चार डोकी वर व्हायची.

"काकू, तुम्ही पण ना!" तो म्हणाला. "थांबा, हातच्या काकणाला आरसा कशाला!"

त्यानं स्वतःच्या हातातला बँड काढला आणि पाण्याच्या बाटलीला बांधला. नाडी लागली. "बघा, बाटली जिवंत आहे. जरा धडधडतेय, घाबरली असेल तुम्हाला." मग कागदाच्या गुंडाळीला बांधला. तिलाही नाडी लागली. "आपल्या साहेबांच्या टकलावर ठेवला तरी लागेल, चकाकी भरपूर." आणि स्वतःच्याच विनोदावर तो गडगडून हसला.

मग त्यानं खणातून चष्मा पुसायचं काळं फडकं काढलं आणि बँड त्यात गुंडाळला. दोघं फोनकडे बघत उभे राहिले. आकडा अडखळला आणि गेला.

"सुटलं?" पंडितनं विचारलं.

"सुटलं बाबा."

तिला खरंच हलकं वाटलं. शिकलेल्या माणसानं डोळ्यांदेखत दाखवलं, आणखी काय पाहिजे? दाराशी जाऊन तिनं सहज मागे वळून पाहिलं. पंडित बँड परत हातात घालत होता, आणि पट्टा एकेक भोक आवळत होता. मग थांबून त्यानं मनगट कानाशी नेलं. घड्याळ बंद पडलंय का, ते बघतात तसं.

४

त्या संध्याकाळी जिन्यावर तिनं फोन पाहिला. नानांचा आकडा ठीक होता. दिवसभर ठीकच होता. दुपारी जरा उतरला होता, म्हणजे डुलकी काढली असणार.

"आलीस का गं?"

"आले, नाना."

नाना खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते. शब्द कधीच हरवलेली, नुसती चाल उरलेली एक जुनी धून ते गुणगुणत होते, नेहमीसारखी बेसूर. काकूनं पिशवी ठेवली, हात धुवायला मोरीत गेली आणि तिथे आरशाखालच्या फळीवर तिला बँड दिसला.

"नाना, हा इथे कधी ठेवलात?"

"सकाळी, आंघोळीच्या वेळी. खाज सुटते गं त्या बेडीनं. म्हटलं, कैद्याला एक दिवस सुट्टी."

काकू तिथेच उभी राहिली. सकाळपासून. म्हणजे दिवसभर कोपऱ्यात बघून आपण समाधान मानत होतो, ते कुणाच्या नाडीचं? मग तिला स्वतःचंच हसू आलं. पांढरी फरशी, चकचकीत फळी. जगाला शहाणपण शिकवतो आणि घरात हे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नानांची एक मोडकी छत्री होती. तिचं काळं कापड तिनं फाडून ठेवलेलं होतं. त्यात तिनं बँड गुंडाळला, पट्टा सुटा, बक्कल उघडंच, आणि आतल्या खोलीतल्या कपाटाच्या खणात सारला. मग फोन हातात धरून उभी राहिली.

आकडा अडखळला. पण गेला नाही. संथ झाला, आणि तसाच चालू राहिला.

तिनं खण उघडला, बँड काढला, बाहेर येऊन नानांच्या समोर बसली. "हात द्या."

नानांनी मनगट पालथं पुढे केलं. बँड बसवला, नेहमीच्या भोकात बक्कल लावलं. दिवा हिरवा लागला, विझला. अक्षरं आली, 'मनगटावर घाला'. तिनं जरा आवळला. 'मनगटावर घाला'.

तिनं बोटांनी नाडी चाचपली. हात ऊबदार होता. पण नाडी तिला कधीच सापडायची नाही, स्वतःचीसुद्धा. बोटं इकडे ठेव, तिकडे ठेव.

"काय गं, मेलो की काय मी?" नाना म्हणाले. "मेलो असतो तर तुझ्या हातचा पाणचट चहा तरी सुटला असता."

"काहीतरीच बोलू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की नाना दचकले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं वेडे, मशीन बिघडलंय. तुझंच काम ना ते? कर की दुरुस्त."

बँड तिनं पुन्हा छत्रीच्या कापडात गुंडाळून खणात ठेवला. पट्टा सुटाच.

५

दुसऱ्या दिवशी ती नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. त्यांनी नाडी बघितली, छातीवर तारा लावल्या, कागद निघाला.

"फर्स्टक्लास. माझ्यापेक्षा बरं चाललंय. काय नाना, कसं वाटतंय?"

"बरं आहे," नाना म्हणाले.

"मग झालं तर!"

परतताना रिक्षात काकू वाट बघत होती. डॉक्टरांच्या पोटाबद्दल, त्यांच्या फीबद्दल नाना काहीतरी बोलणारच. गेली इतकी वर्षं बोलत आले होते. नाना बाहेर बघत होते. "दमलात का?" तिनं विचारलं. "बरं आहे," ते म्हणाले.

त्यानंतर घर हळूहळू गप्प होत गेलं. एकदम झालं असतं तर तिनं आकांत मांडला असता. आधी गुणगुणणं थांबलं. मग चहावरची टीका थांबली. मीठ जास्त पडलं तरी नाना जेवत, कमी पडलं तरी जेवत. त्यांना खुर्चीत बसवलं की बसत, झोपा म्हटलं की झोपत. पाय दुखतोय का? बरं आहे. खिडकी लावू का? बरं आहे. एके संध्याकाळी तिनं कुलूप उघडलं आणि आत आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज कुणी विचारलं नाही. नाना समोरच बसले होते, तिच्याकडे बघत.

"नाना, आले मी."

त्यांनी मान हलवली.

ती मोरीत गेली, नळ सोडला आणि रडायचा प्रयत्न केला. रडू आलं नाही. छातीत जिथून ते यायला हवं तिथे नुसतं जड आणि गार होतं. तोंड धुवून ती बाहेर आली.

आणि आकडा? आकडा चालू होता. खणात, छत्रीच्या कापडात. ऑफिसातून तो तिला दिसायचा. फोनवरून तो बँड काढून टाकायला एक बटण पुरे होतं, लोकांना ती रोज सांगायची. पण तिचा हात होईना. आकडा दुपारी डुलकी काढल्यासारखा उतरायचा. ती ऑफिसातून निघाली की जरा वर सरकायचा. जिना चढायला लागली की भरभर वाढायचा, जसं कुणी खुर्चीतून उठून, गुडघे धरत, दाराकडे यायला निघालंय. ती जिन्यात थांबली तर तोही थांबायचा.

आणि काय सांगावं, तिला त्याचं बरं वाटायचं. आतल्या माणसापेक्षा जास्त. हे चुकीचं आहे, हे तिला कळत होतं. कळण्यानं काही होत नव्हतं.

पंडितला विचारावं म्हणून ती एका दुपारी कँटीनमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसली. तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता. हातात बँड नव्हता.

"काय रे, आजकाल हसणं नाही, काही नाही?"

"बरं आहे, काकू."

"बँड कुठाय तुझा?"

"वर आहे. टेबलावर." त्यानं घास चावला, बराच वेळ. "फडक्यात गुंडाळलाय."

तिनं चहा अर्धवट टाकला. आपल्या जागेवर जाताना वाटेत दुरुस्ती विभाग लागायचा. दिवे बंद, सगळे जेवायला गेलेले. दार ओढून घेतलेलं. आत कुणीतरी गडगडून हसलं.

काकूची पावलं थांबली. तिनं मनाशी म्हटलं, कुणीतरी फोनवर आवाज भरून ठेवला असेल. पोरांना काय, चेष्टेला काळवेळ नसते. दाराची मूठ तिच्या हाताशी होती. तिनं ती धरली नाही. आतलं हसणं हळूच कमी झालं आणि कोण आलंय याचा कानोसा घेतल्यासारखं थांबलं.

६

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिनं तक्रार लिहिली. मदतनीस म्हणून नाही, साधी वापरणारी म्हणून. टोपणनाव घेतलं 'लेक'. सगळं लिहिलं. वडिलांचा बँड काढून ठेवलाय. काळ्या फडक्यात आहे. तरी नाडी आहे. वडिलांच्या हातात घातला तर नाही. वडील समोर बसलेत, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहेत, पण हे माझे वडील नाहीत असं मला वाटायला लागलंय आणि त्याची मला भीतीसुद्धा वाटत नाहीये. कुणाला असं झालंय का? मी काय करू? कृपा करून तयार उत्तर देऊ नका.

लिहून झाल्यावर तिला फार दिवसांनी झोप लागली. कुणीतरी वाचेल, बस्स एवढंच हवं होतं तिला.

सकाळी ऑफिसात नेहमीसारखा ढीग होता. रात्रीतून बँडची वेळ मागे गेलेली, कुणाचे चाललेले दिवस पुसलेले, कुणाला पोहताना बँड म्हणाला उभे राहा. काकूचा हात चालू झाला. वाचायचं म्हणजे काय, वरची ओळ बघायची. बंद करून चालू करा. पट्टा घट्ट बांधा. ओळख विसरून पुन्हा करून द्या. टेबलावरची नाडी, काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पुढचं. पुढचं.

दुपारी फोन वाजला. 'लेक, आपल्या तक्रारीला उत्तर आलं आहे.' तिनं लगेच उघडलं.

'बँड काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. नाडी दिसणं थांबेल. मदतनीस.'

स्वतःच पाठवलेलं. कधी पाठवलं, आठवेना. उलट लिहावं, भांडावं, असं क्षणभर आलं मनात. कुणाशी भांडणार? तिनं काहीच लिहिलं नाही.

मौन म्हणजे संमती. थोड्या दिवसांनी शिक्क्याची वेळ भरली आणि तिच्या फोनवर प्रश्न आला, 'समाधान झालं का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही. ती तेव्हा जिन्यात होती.

७

आकडा वाढत होता. ती एक पायरी चढली, वाढला. थांबली, थांबला. आज तिनं ठरवलं होतं. खणातून बँड काढायचा, बटण दाबून धरायचं, सगळं पुसून कोरा करायचा. या धंद्यात शेवटचा उपाय तोच. मग नाना परत येतील, किंवा येणार नाहीत, पण निदान हे जीव टांगणीला लागणं संपेल. ती वर आली.

किल्ली काढली. अजून कुलपाला लागलीही नव्हती.

"आलीस का गं?"

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांनी! दार ढकलून ती आत शिरली. "आले, नाना, आले!"

नाना खिडकीजवळ खुर्चीत होते. हात मांडीवर, तोंड मिटलेलं. ते तिच्याकडे बघत होते.

आतल्या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं. ती शब्द हरवलेली चाल, बेसूर.

दार लोटलेलं होतं. फटीतून मंद हिरवा उजेड येत होता, येत होता आणि जात होता. काकूनं चपलाही काढल्या नाहीत. तिनं एका बोटानं दार थोडं सारलं, पूर्ण नाही.

कपाटाचा खण उघडा होता. छत्रीचं कापड खाली, घडी घालून ठेवलेलं. नाना कपड्यांची घालायचे तशी घडी, टोकाला टोक. पलंगावर पांढऱ्या चादरीच्या थोडा वर बँड होता. बक्कल लावलेलं, नानांच्या नेहमीच्या भोकात. पट्टा गोल होता, आतून भरल्यासारखा. बेडी घालून घेताना नाना मनगट पालथं पुढे करायचे, तसा तो तिच्या दिशेनं पुढे आला.

"दमलीस का गं आज? आणि चहा जरा कडक कर, पाणचट नको."

तिनं हातातला फोन पाहिला. बटण दाबून धरलं की पुसून जाईल. मग इथे काही नसेल, आणि बाहेर खुर्ची असेल. तिनं मान वळवून बाहेर बघितलं. खुर्चीतल्या माणसाचे ओठ हलले. त्यांना फार कष्ट पडत होते, तिला ते दिसत होतं.

"बाळ," ते म्हणाले. खूप दुरून आल्यासारखं. "बाळ, मी..."

काकू थांबली. पुढचा शब्द येतोय का, म्हणून थांबली. आत धून पुन्हा सुरू झाली. खुर्चीतले ओठ मिटले, परत उघडले.

"बरं आहे," ते म्हणाले.

तिच्या स्वतःच्या मनगटावर बँड थरथरला. 'मनगटावर घाला'. तिनं तो काढून टेबलावर ठेवला. फोनवर अजून प्रश्न होता, समाधान झालं का. तिनं 'हो' दाबलं. खाली चार शब्द लिहायची जागा होती, तिथे लिहिलं, "आता बरं आहे. खुर्चीतलं माणूस काही मागत नाही."

मग तिनं चहाचं आधण ठेवलं, पावडर जरा जास्त घातली आणि फडताळातून दोन कप काढले. ते भरून घेऊन ती खुर्चीच्या बाजूनं आतल्या खोलीत गेली आणि पायानं दार लोटून घेतलं.